बासचा डबा आणि मरळीचा तलाव

प्रश्न : मी तुमसर तालुक्यात राहतो. मोबाइलवर अमेरिकेतल्या बास मासेमारीचे व्हिडिओ बघून ल्यूरचा, म्हणजे नकली आमिषांचा, डबा मागवला. त्यात क्रँकबेट, स्पिनरबेट, पॉपर, प्लास्टिकचे किडे, बेडूक असे सगळेच आहे. पण गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात काहीही टाकले तरी कमळात नाहीतर शेवाळात अडकते. क्रँकबेट तर तुटूनच गेले. तलावात मरळ आहे हे नक्की, श्वास घ्यायला वर येते तेव्हा दिसते. मग नेमके वापरू काय?

उत्तर : भाऊ, डब्यातला बेडूक तेवढा बाहेर काढा आणि बाकीचा डबा होळीपर्यंत बंद ठेवा. ल्यूर वाईट नाहीत, ते वेगळ्या पाण्यासाठी केलेले आहेत.

तुम्ही बघता तो लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेतला मासा. त्याचा आणि आपल्या मरळीचा स्वभाव पुष्कळ जुळतो. दोघेही दबा धरून बसणारे, दोघांनाही सावली आणि आडोसा लागतो, भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालायची आणि परत जागेवर जायचे. म्हणून बासवाल्यांकडून शिकण्यासारखे खूप आहे आणि मी ते आवडीने शिकलो. फरक पाण्यात आहे. त्या व्हिडिओत बहुधा मोठी धरणे असतात, खडकाळ उतार, बुडालेले ओंडके, मोकळे खोल पाणी. तिथे पुढे जीभ असलेला क्रँकबेट खाली बुडी मारतो, दगडाला ठोकर खातो, आणि त्या ठोकरीवरच मासा येतो. आपला मालगुजारी तलाव म्हणजे कोहळी लोकांनी उतार बघून घातलेली मातीची पाळ. पाणी खोल असते ते पाळीशी. वरच्या अंगाला ते पसरत पसरत गुडघ्याएवढे होते, आणि मरळ राहते ती नेमकी तिथे, कमळ, देवधान (जंगली धान) आणि बेशरमच्या झुडपांत. तिथे तीन टोकांचे दोन-दोन गळ लोंबणारा ल्यूर टाकला तर तो गवतच पकडणार.

दुसरा फरक तोंडाचा. बास जबडा उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. लहान, बारीक तारेचा तिहेरी गळही त्याच्या तोंडात कुठेतरी बसतो. मरळ दातांनी पकडते, तिचा जबडा हाडासारखा कडक. बारीक तारेचा गळ ती सरळ करून टाकते.

बेडूक म्हणजे आतून पोकळ, मऊ रबराचा, ज्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर तोंड करून असतात. पानावर ओढला तरी अडकत नाही आणि माशाने दाबला की रबर खाली बसते, टोके उघडी पडतात. दोरा ब्रेडचाच, म्हणजे अनेक धागे विणून केलेलाच हवा, चाळीस-पन्नास पौंडी. नायलॉनचा दोरा ताणतो आणि कमळाच्या देठात मासा घुसला की तो उपटून काढण्याचा जोर त्यात नसतो. रॉड साडेसहा-सात फुटी, मीडियम हेवी.

बेडूक सतत ओढत आणू नका, नव्या माणसाचा हात तिथेच घाई करतो. पानांवरून हळू सरकवत आणायचा, आणि दोन पानांच्या मधे ताटलीएवढे उघडे पाणी दिसले की त्याच्या काठावर थांबवायचा. तीन-चार श्वास जाऊ द्या. मग रॉडचे टोक एवढेसेच हलवा, बेडूक जागच्या जागी थरथरला पाहिजे, पुढे जायला नको. नंतर त्याला त्या भोकात उतरवा आणि पुन्हा थांबा. मरळ बहुतेक वेळा या थांबण्यावर मारते.

तुम्ही लिहिता की मरळ वर येताना दिसते. ही आपल्याला मिळालेली सोय आहे, बासवाल्याला ती नाही. मरळीला हवेतला श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे ती आपला पत्ता स्वतःच सांगते. पण दिसली म्हणून तिच्या डोक्यावर ल्यूर आपटू नका. ती जिथे उठली त्याच्या हात-दोन हात पुढे आणि पलीकडे टाका, पाण्यावरची लाट विरू द्या, आणि मग तिच्या वाटेवरून आणा.

मासा लागला नाही की आपण पहिल्यांदा ल्यूरचा रंग बदलतो. मी तो सगळ्यात शेवटी बदलतो. आधी जागा, मग खोली, मग वेग, आणि एका वेळी एकच गोष्ट. रंग, जागा आणि वेग एकदम बदलले आणि मासा लागला, तर कशामुळे लागला ते कधीच कळत नाही.

बाकीचा डबा कधी उघडायचा तेही सांगतो. धानाला पाणी देऊन तलाव उतरतो, शिंगाड्याचे वेल निघून जातात, होळीच्या सुमारास पाळीच्या दगडी पिचिंगजवळ मोकळे पाणी राहते. तिथे स्पिनरबेट चालेल, क्रँकबेटही चालेल. थंडीत पुसाच्या महिन्यात मात्र प्लास्टिकचा किडा काढा. तो ऑफसेट, म्हणजे मानेशी वाक असलेल्या गळावर असा ओवायचा की टोक किड्याच्या अंगातच लपेल, वजन लावायचे नाही किंवा अगदी हलके, आणि झिंगा सरकतो तसा तळाजवळून सरकवायचा. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी गार झाले की त्याचे पचन आणि हालचाल दोन्ही मंदावतात, तो लांबवर पाठलाग करत नाही. त्या दिवसांत पहाटे कुडकुडत बसू नका, ऊन चढून उथळ पाणी थोडे कोमट झाले की जा. उन्हाळ्यात याच्या अगदी उलट. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पहाटेचा तासभर आणि दिवेलागणीची वेळ एवढेच खरे.


प्रश्न : नागभीडकडे आमच्या तलावात फ्रॉगवर मरळ जोरात धडक मारते, पाणी उडते, पण गळ काही बसत नाही. ल्यूर रिकामा परत येतो. गळ खराब असेल का?

उत्तर : गळाची धार नखावर टेकवून बघा. घसरला तर कानशीने टोकाला धार लावा किंवा गळ बदला. पण तुमच्या पत्रावरून मला वाटते की तुम्ही पाणी उडताच रॉड खेचता. धडक दिसते तेव्हा बेडूक तिच्या तोंडात पूर्ण गेलेला नसतो, कित्येकदा तिने फक्त मागचे पाय पकडलेले असतात. पाणी उडाले की रॉडचे टोक खाली, दोऱ्याचा ढिलेपणा रीलवर घ्या, आणि हाताला वजन जाणवले की मगच दोन्ही हातांनी वर झटका द्या. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मनगटावर ठेवा. झटका मात्र जोरदार हवा, कडक जबड्यात टोक रुतायला जोर लागतो. लगेच तिचे डोके वर उचलून पानांवरून ओढत आणा. ड्रॅग, म्हणजे रीलवरून दोरा सुटण्याचा ताण, घट्ट ठेवा. तिला एकदा खाली तोंड करू दिले की ती देठांना दोरा गुंडाळते.

नवा बेडूक पाकिटातून काढून तसाच बांधू नये. पकडीने दोन्ही गळ किंचित बाहेर वाकवा, अगदी थोडे, जास्त वाकवले तर गवत पकडतील. मागचे रबरी धागे लांब असतील तर कात्रीने बोटभर आखूड करा, एक बाजू जराशी लांब राहू द्या, म्हणजे चालताना बेडूक एका अंगाला वळतो. मधून मधून पोट दाबून आत शिरलेले पाणी काढा. पाणी भरले की तो मागून बुडतो आणि टोके खाली जातात. एवढे करूनही मासा फक्त मागच्या टोकालाच लागत असेल, तर लहान आकाराचा बेडूक घ्या. आमच्या धानाच्या बांध्यांमधे रोवणीनंतर दिसतात ते बेडूक अंगठ्याएवढेच असतात, आणि मरळीच्या डोळ्यांसमोर तेच असतात.

धडक मारून ती सुटली तर ल्यूर लगेच बाहेर काढू नका. तिथेच निपचित पडू द्या, मग एकदा थरथरवा. परत येण्याची शक्यता चांगली असते.


प्रश्न : आर्वी भागात काळ्या मातीचे धरण आहे. पावसाळ्यात पाणी चहासारखे होते. अशा पाण्यात कोणता रंग?

उत्तर : तुमच्या पाण्यात आधी आवाज आणि थरथर बघा, रंग नंतर. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्याची हालचाल कळते. गढूळ पाण्यात डोळा निकामी झाला तरी ही रेघ काम करते. म्हणून रुंद, गोल पात्याचा स्पिनरबेट घ्या. पाते जितके गोल तितके ते पाण्याला जास्त धक्के देते. लांबट पाते जास्त चमकते, ते स्वच्छ पाण्यासाठी ठेवा. हळू आणि एकाच लयीत ओढा, कारण माशाला ल्यूर शोधत यायला वेळ द्यायला हवा. काठाला, झुडपाला अगदी लगटून टाका. चहासारख्या पाण्यात मासा लांबून बघणारच नाही.

रंग घ्यायचाच तर पृष्ठभागावर काळा. खालून आभाळाकडे बघणाऱ्या माशाला काळी आकृतीच ठळक दिसते, ढगाळ दिवशीही आणि संध्याकाळीही. पाण्याच्या आत पोपटी-पिवळा. कार्तिकात पाणी निवळले की मग कोतरी या बारीक माशाच्या रंगाचा, रुपेरी पोटाचा ल्यूर काढा.

ल्यूरची चाल किती महत्त्वाची हे समजायला फिनलंडच्या लॉरी रापालाची गोष्ट पुरे. तो मासेमार होता. लहान माशांच्या थव्यात जो मासा जखमी होऊन वेडावाकडा पोहतो, त्याच्यावरच मोठा मासा झेप घेतो, हे त्याने होडीतून बघितले होते. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडापासून ल्यूर कोरला, वर चॉकलेटची चंदेरी वेष्टने गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. लाकडाचा असा तुकडा जगभर पोचला तो त्याच्या लंगड्या चालीमुळे.

धरणावर जाताना एक सांगणे आहे. आभाळ गरजायला लागले की रॉड खाली ठेवा आणि काठावरून निघा. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, आणि मोकळ्या काठावर तो हातात उभा धरलेला माणूस सगळ्यात उंच असतो. विदर्भात दरवर्षी वीज पडून शेतातली माणसे जातात. माशासाठी हा धोका घेऊ नये.


प्रश्न : गोंदियाजवळच्या तलावात रोहू आणि कटला भरपूर आहेत. ल्यूरला एकही का लागत नाही?

उत्तर : ते शिकारी मासे नाहीत. कटला वरच्या थरात तोंड उघडून पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ-वनस्पती खुडतो, मिरगल तळ चाळतो. त्यांच्यासाठी कणकेची गोळी, पेंड आणि भरपूर धीर. ल्यूर ठेवा मरळीसाठी.


प्रश्न : मी लाखांदूर तालुक्यातली, ढिवर समाजाची. आमच्या मच्छीमार संस्थेने तलाव लीजवर घेतला आहे. श्रावणात मरळीची लाल पिल्ले पाण्यावर झुंडीने फिरतात. रविवारी शहरातून रॉडवाले येतात आणि त्या झुंडीतच बेडूक टाकतात. मोठी मरळ लगेच लागते. आम्ही काही बोललो तर म्हणतात, आम्ही फोटो काढून सोडून देतो. हे बरोबर आहे का? त्यांना काय सांगावे?

उत्तर : ताई, हे बरोबर नाही, आणि मी रॉडवाला असूनच हे लिहितो.

पहिला पाऊस झाला की मरळ उथळ पाण्यात गवत बाजूला सारून जागा करते. अंडी पाण्यावर तरंगतात, एक-दोन दिवसांत फुटतात. तेव्हापासून नर आणि मादी दोघेही पिल्लांच्या खाली फिरत राहतात. पिल्लांनाही श्वासासाठी सारखे वर यावे लागते, म्हणून ती लाल-नारिंगी झुंड लांबून दिसते, आणि ज्याला दिसते त्यालाच आई-बाप कुठे आहेत हे कळते. त्या वेळी मरळ बेडकावर येते ती भुकेने नव्हे. पिल्लांवर कोणी चालून आले म्हणून ती अंगावर जाते. तिथे ल्यूर कोणता, रंग कोणता, काही फरक पडत नाही. त्यात कसब काहीच नाही, म्हणून मी त्याला मासेमारी म्हणत नाही.

सोडून देतो, या म्हणण्याने नुकसान टळत नाही. मरळीला काठावर आणले, गळ काढला, फोटो काढले, एवढ्या वेळात झुंडीवर दुसरे मासे, पाणसाप आणि बगळे तुटून पडतात. दमलेली मरळ परत आपल्या पिल्लांपाशी पोचेलच असे नाही. मेली तर ती सगळी झुंडच गेली. बासमधे नर एकटाच घरटे राखतो, तिथेही राखणीवरचा नर काढला की इतर मासे अंडी-पिल्ले फस्त करतात, आणि म्हणून अमेरिकेच्या काही भागांत त्या हंगामात बासच्या मासेमारीवर बंधने आहेत. ज्यांचे व्हिडिओ बघून हे भाऊ येतात, त्यांच्याकडचा हा नियमही त्यांनी शिकावा.

तुम्ही संस्थेच्या बैठकीत ठराव करा. रोवणी सुरू झाल्यापासून पोळा होईपर्यंत मरळीवर गळ बंद, आणि पिल्ले दिसली तर कोणत्याही महिन्यात तिथून लांब. पाळीवर ठळक पाटी लावा. लीज तुमच्या संस्थेची आहे, मासा तुमचा आहे. बोटुकली विकत आणून सोडता तुम्ही, राखण करता तुम्ही. बाहेरून येणाऱ्याने आधी संस्थेकडे विचारणा करायची, फी असेल तर भरायची आणि पावती घ्यायची, ही साधी रीत आहे. मी जिथे जातो तिथे पहिला नमस्कार ढिवरांच्या घरी घालतो. त्यातून फायदा माझाच होतो, कारण तुडूम (तलावाचे पाणी सोडायचे दार) उघडल्यावर मरळ कुठल्या कोपऱ्यात थांबते हे मला डोंगा चालवणाऱ्यांनीच शिकवले, व्हिडिओने नाही. धानाला ताण पडला की तुडूम उघडतात, पाणी ओढले जाते, बारीक मासे त्या ओढीत गोळा होतात आणि मरळ ओढीच्या बाजूला, संथ पाण्यात, ओढीकडे तोंड करून उभी राहते. बासवाले धरणाच्या पाण्याची ओढ बघून हेच करतात.

रॉडवाल्या भावांना आणखी दोन गोष्टी सांगा. शिंगाड्याच्या वेलांत ल्यूर टाकू नका, ते कोणाचे तरी पीक आहे. आणि तुटलेला ब्रेड दोरा तलावात किंवा धुऱ्यावर सोडून जाऊ नका. तो कुजत नाही. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात, आणि सारस चालतो तो याच बांध्यांतून, याच काठावरून. त्याच्या पायाला गुंडाळलेला दोरा सोडवायला कोणी नसते. दोऱ्याचा प्रत्येक तुकडा खिशात घालून घरी न्यावा आणि बारीक कापून टाकावा.


प्रश्न : पवनीकडे मी शेततळे केले आहे. बासचे बीज मिळाले तर सोडावे असे मनात आहे. गावातली पोरे पैसे देऊन मासे पकडायला येतील. आपल्या हवामानात जगेल का?

उत्तर : जगेल की नाही यापेक्षा जगला तर काय होईल, हा विचार करा. जपानमधे १९२५ साली आशी सरोवरात बास सोडला. पुढे तो देशभर पसरला. बिवा सरोवरात तर असा वाढला की २००९ साली तिथे पकडलेल्या बासने जॉर्जियातल्या जॉर्ज पेरीच्या १९३२ सालच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली, वजन दहा किलोच्या वर. हौशी लोकांना तो विक्रम वाटला. पण त्याच बिवात स्थानिक लहान मासे बासच्या पोटात गेले, आणि जपानला २००५ पासून कायद्याने बास पाळणे, नेणे, सोडणे बंद करावे लागले. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे.

शेततळे बंदिस्त असते असे आपण म्हणतो. मघा नक्षत्रात एकदा फुटले की त्यातला मासा नाल्यात, नाल्यातून वैनगंगेत. आपल्याकडे हे होऊन गेले आहे. चिलापी (तिलापिया) हा परका मासा आज कुठे नाही? आफ्रिकेतला मागूर, ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो नाल्यांत सापडतो. त्यात बासची भर नको.

तुमचा बेत चांगला आहे, मासा बदला. शेततळ्यात मरळ ठेवा. ती इथलीच आहे, ऑक्सिजन कमी झाला तरी हवेवर जगते, बाजारात भाव रोहूपेक्षा जास्त मिळतो, आणि बेडकावर तिच्यासारखी झडप बासही घालत नाही. फक्त रोहू-कटल्याच्या लहान बोटुकलीबरोबर एकाच तळ्यात सोडू नका, ती खाऊन टाकेल. आणि मरळी एकाच मापाच्या ठेवा, नाहीतर मोठी लहानीला खाते. तळ्याच्या काठाला कमरेएवढी जाळी हवीच. पावसाच्या रात्री मरळ ओल्या गवतावरून सरकत दुसऱ्या पाण्यात निघून जाते.

बीज आणाल तेव्हा पिशवी थेट तळ्यात ओतू नका. आधी पांढऱ्या टबमधे काढून उजेडात बघा. चपट्या डोक्याचे, आठ मिशांचे पिल्लू त्यात दिसले तर सगळी खेप परत करा.